हेडमास्तरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं

बाबा, ती मालिका संपली. तुम्हाला ती ठाऊक असण्याचं कारण नाही, तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती सुरू झाली. आता मालिका दर रविवारी येत नाहीत, वर्षातून एकदा आठ-दहा भाग एकदम येतात आणि त्याला सीझन म्हणतात. हा पाचवा आणि शेवटचा. चहाच्या मळ्यावरच्या डॉक्टरांची बायको एका सकाळी नाहीशी होते आणि गावातले निवृत्त हेडमास्तर तिचा शोध घेतात, एवढीच गोष्ट. पण पाच वर्षं इथे कलकत्त्यात आमची डमडमची अख्खी इमारत त्या बाईला शोधत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा, सगळ्यांच्या बौदींचा, संशय डॉक्टरवर, कारण जेवताना तो बायकोकडे बघत नाही. तळमजल्यावरचे वकील म्हणायचे, बाई जिवंत आहे, शेवटच्या भागात स्टेशनवर दिसेल, लिहून ठेवा. मला मात्र उत्तराची घाई नव्हती. मी हेडमास्तरांसाठी बघत होते. ते कुणाची उलटतपासणी घेत नसत. समोरच्या माणसाकडे शांतपणे बघत बसायचे आणि घरी येऊन त्याच्याबद्दल एकच वाक्य बोलायचे, ते खरं निघायचं. मला त्यांच्यात तुम्ही दिसायचात.

शेवटचा भाग मी जेठूंकडे बघितला. जेठू म्हणजे तुमचे बँकेतले हेडकॅशियर, ज्यांना तुम्ही दादा म्हणायचात म्हणून ते माझे थोरले काका झाले. ते आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, नव्वदी ओलांडली आहे, आणि त्यांना आता फक्त उजेड आणि हालचाल दिसते. म्हणून रविवारी दुपारी मी जाते, त्यांच्याशेजारी बसते आणि पडद्यावर काय चाललंय ते बंगालीत सांगत राहते. आता दार उघडलं, आता डॉक्टर वळला. त्या दिवशी शेवटची दहा मिनिटं उरली असताना हेडमास्तर कपाट उघडतात आणि एक जुनं पत्र काढतात. त्या बाईनेच लिहिलेलं. ती कुठे चालली आहे, का चालली आहे, कुणाबरोबर, सगळं त्यात होतं, आणि ते पत्र हेडमास्तरांना ती गेली त्याच दिवशी मिळालं होतं. त्यांनी काहीच ओळखलं नव्हतं. पाच वर्षं ते वाचलेलं बोलत होते आणि आम्हाला ते शहाणपण वाटत होतं. बौदींनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की मला कुणीतरी घरात येऊन लुबाडल्यासारखं वाटतंय. वकील दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

मी जेठूंना त्या पत्राचं सांगितलं आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला वाटलं, शेवट फसला म्हणून हसतायत. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "अगदी तुझे बाबा. शनिवारी टिफिनला माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. दादा, या वेळी कोण?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी मोठ्या प्रेमाने, तुमची आठवण काढत, सगळं सांगितलं. त्या काळच्या टीव्हीवरच्या बंगाली रहस्यमालिका दुर्गापूजेला आपल्या दिवाळी अंकांसारखे जे अंक निघतात त्यांत छापून आलेल्या गोष्टींवरच बेतलेल्या असत. जेठूंनी त्या केव्हाच वाचलेल्या असत, त्यांच्या घरात पोरासोरांनाही शेवट ठाऊक असे. फक्त आपल्या घरात कुणाला माहीत नसायचं. आपल्याला बंगाली बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. आई मराठी मासिकं वाचायची, मला कॉन्व्हेंटमध्ये दुसरी भाषा म्हणून हिंदी होती, आणि वर्गातल्या मुली इंग्रजीशिवाय काही वाचणं कमीपणाचं मानायच्या. एवढ्या मोठ्या कलकत्त्यात ज्यांना खुनी कोण ते ठाऊक नाही असं एक घर होतं, आणि त्या घरात तुम्ही हुशार ठरलात.

मी हसले, बाबा. जेठूंना दिसत नाही, पण ऐकू येतं, म्हणून मोठ्याने हसले. मग त्यांची औषधं लावून दिली आणि घरी चालत आले.

तो रविवार मला अजून दिसतो. शेवटचा भाग सुरू होण्याआधी तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान फाडून तीन तुकडे करता. आई, मी आणि तुम्ही आपापल्या तुकड्यावर नाव लिहितो आणि घडी करून टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालाखाली सरकवतो. शेजारच्या बंगाली मावशी बघायला आलेल्या असतात, त्यांना तुम्ही आधीच बजावलेलं असतं की पोरीसमोर शेवट बोलायचा नाही. मला तेव्हा ते किती न्यायाचं वाटायचं. भाग संपतो, चिठ्ठ्या उघडतात, तुमची बरोबर. आई म्हणते, "खुनी ओळखता, मग किडकी वांगी कशी ओळखत नाही?" तुम्ही हसता. आणि मी विचारते, बाबा, कसं कळलं? तुम्ही म्हणता, बघायचं असतं गं, नुसतं बघायचं. सोळाव्या वाढदिवसाला तुम्ही मला एस्प्लनेडच्या फुटपाथवरून एक भिंग आणून दिलंत. मी ते घेऊन महिनाभर माणसांचे चेहरे बघत फिरत होते.

एवढंच असतं तर मी जेठूंबरोबर खरंच हसले असते. वडील मुलीसमोर जरा मोठे होऊन दाखवतात, त्यात काय. पण त्याच चिठ्ठ्यांवर आपल्या घरात एक समजूत उभी राहिली, की बाबांना माणूस कळतो. मी शाळेत शिकवायला लागल्यावर माझ्याबरोबर गणित शिकवणाऱ्याला घरी घेऊन आले, तेव्हा तुम्ही त्याच्याशी तासभर छान बोललात. तो गेल्यावर खुर्चीतून न उठता म्हणालात, "हुशार आहे. पण टिकणारा नाही." आईने माझ्याकडे बघितलं आणि विषय संपला. मी एका शब्दाने भांडले नाही. ज्याची चिठ्ठी एकदाही चुकली नाही त्याच्याशी काय भांडायचं? पुढे तुम्ही बघितलेल्या मुलाशी माझं लग्न झालं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, तो आत्ता आतल्या खोलीत क्रिकेट बघतोय. पण तो गणिताचा मास्तर त्याच शाळेत टिकला, बाबा. तिथूनच निवृत्त झाला. दोनदा बढती देऊन बाहेर बोलावलं तरी गेला नाही, असं ऐकलं.

तो बंगाली होता हे तुमचं कारण होतं का? तसं असेल तर तसं सांगायचंत. मी रडले असते, अबोला धरला असता, कदाचित तुम्हाला नमवलंही असतं. माणसाच्या हट्टाशी भांडता येतं. तुम्ही मला नजरेचा हवाला दिलात, आणि ती नजर शनिवारी टिफिनच्या सुट्टीत दुसऱ्याच्या टेबलावरून उचललेली होती. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आले की बाबांनी मला वाचवलं. आता कशातून, ते मला सांगता येत नाही.

आणि हे सगळं नेमकं आत्ताच का कळावं? गेल्या महिन्यात मुलीने न्यू टाउनच्या तिच्या ऑफिसातल्या एकाला घरी आणलं. आपल्यातलाच, नागपूरचा, मराठी माझ्या लेकीपेक्षा चांगलं बोलतो. वाकून नमस्कार केला. तुमच्या समोर बसला असता तर तुम्ही लगेच हो म्हणाला असतात. चिठ्ठ्यांच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झालेली आहे, कारण मीच सांगितल्या. काल भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "आई, तुझ्याकडे आजोबांची नजर आहे. सांग ना, तुला कसा वाटला?" तिचा चेहरा बघून मला कळलं की मी जे बोलेन ते ती ऐकणार आहे, वाद न घालता, जसं मी ऐकलं होतं.

मी म्हटलं, नजर वगैरे काही नसते गं, मला माणसं ओळखता येत नाहीत. तुला चार वर्षं माहीत आहे तो, तूच ठरव. तिला वाटलं मी विनय करतेय. आजोबांनाही काही ओळखता येत नव्हतं, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

मुलीला सापडू नये म्हणून हे पत्र शाळेच्या जुन्या वह्यांमध्ये ठेवून देणार आहे. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तो मुलगा मला आवडला नाही, बाबा. कारण विचारलंत तर माझ्याकडे नाही.