बाकावरचा ताल

बाड हॉम्बुर्ग, जर्मनी, रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळ

टक्, टक्-टक्. नगरच्या मिशन शाळेत गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरायचे आणि आम्ही पोरं बेंबीच्या देठापासून कविता म्हणायचो. तो आवाज आज चर्चमध्ये आठवला. नको त्या वेळी.

युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची उपासना होती. मी पाळण्यात असताना माझे वडील दुसऱ्या महायुद्धात, इंग्रजांच्या फौजेतून लढताना इटलीत मारले गेले. शेजारच्या फ्राऊ बेकर यांचे वडीलही तिथेच, समोरच्या जर्मन सैन्यात. म्हणून पाळकबाईंनी आम्हा दोघांना मिळून एकच मेणबत्ती लावायला सांगितली. लावली. मग मृतांची नावं वाचली जाऊ लागली, एकामागून एक, अगदी कवितेसारखी. आणि माझं बोट बाकावर... टक्, टक्-टक्! फ्राऊ बेकरनी वळून पाहिलं. नंतर हातही न मिळवता निघून गेल्या.

त्यांना काय वाटलं असेल? म्हातारा माझ्या बापाच्या मरणावर ठेका धरतोय! शांती करायला गेलो आणि हे काय करून बसलो?

सूनबाई रूथ हसतेय. "अहो पप्पा, तुम्ही प्रार्थनेतसुद्धा पाय हलवता. अख्ख्या नगरला ठाऊक आहे."

"हे नगर नाही गं."

"गेनाऊ, अगदी बरोबर! म्हणून उद्या जाऊन सॉरी म्हणा."

उद्या कशाला? प्रभूने तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करायला सांगितलंय. आत्ताच जातो. बूट कुठे गेले?

एवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणीतरी बोटाने वाजवतंय. काचेतून फ्राऊ बेकर दिसताहेत, हातात केक, डोळे रडून लाल, ओठांवर हसू. आणि बोट दारावर...

टक्, टक्-टक्.