चार तत्त्वे आणि मामांच्या ट्रेमधला अर्ज

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल आणि मामींचा खोकला उतरला असेल, असे धरून चालतो. मी ठणठणीत आहे. फक्त जेवण जात नाही आणि कॉलेज सोडले आहे. (दुसरी गोष्ट आपल्याला कळली असेलच, कॉलेजचे हेडक्लार्क आपणच. आईला अजून पहिलीच सांगितली आहे.)

आमच्या विद्यार्थी आघाडीला आपण टवाळांचा अड्डा म्हणता, तरी सांगतो. बसचा विद्यार्थी पास परीक्षेच्या महिनाभर आधी संपतो. तो परीक्षा होईपर्यंत चालावा, एवढेच आमचे सरकारकडे मागणे. त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली आणि ती सगळी माझ्या हातची आहेत. पहिले, पुराव्याशिवाय मागणी नाही. दुसरे, ज्याचे नाव कॉलेजच्या पटावर आहे त्यानेच सरकारपुढे बोलायचे. (हे मी एका चष्मिष्टासाठी घातले. शिक्षण संपून दोन वर्षे झाली तरी हा आमच्या कार्यवाह मुलीची पिशवी उचलायला हजर.) तिसरे, कागद दाबून ठेवणाऱ्या कारकुनाचे नाव फलकावर लिहायचे. चौथे, आघाडीच्या माणसाच्या हातून कुठलेही पत्र बंद पाकिटात जाणार नाही. टाळ्या पडल्या. कार्यवाहने नुसती मान हलवली, आणि तेव्हापासून माझे जेवण जात नाही.

सोमवारी शिष्टमंडळ घेऊन परिवहन खात्यात गेलो. साहेब म्हणाले, पास संपला म्हणून काय कॉलेज सुटते? माझे डोके सटकले. म्हणालो, "सुटते. हे बघा, मी सोडले." तिथेच, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनने कॉलेज सोडल्याचा अर्ज खरडला. (परतताना तो आपल्या ट्रेमध्ये टाकला, आपण चहाला गेला होता.) वाटले होते, कार्यवाहचे डोळे भरून येतील. तिने वही उघडली, दुसरे तत्त्व साहेबांसमोर मोठ्याने वाचले आणि म्हणाली, "मग तू बाहेर थांब." बाहेर बाकावर चष्मिष्ट बसला होता. सरकून जागा दिली आणि म्हणाला, "ये, हा आपला बाक."

मामा, तिसरे तत्त्व आपल्यालाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते, हे कबूल करतो. आपल्या ट्रेमध्ये पडलेल्या कागदाला मिशा फुटतात, असे मी भर बैठकीत बोललो. पण तत्त्वापुढे मी नाते पाहत नाही. समोर येऊन हे सांगायची हिंमत नाही, म्हणून पत्र.

आपला, शब्दाला पक्का,
भाचा

ता. क. – माझा अर्ज ट्रेमध्येच असेल तर राहू द्या. शक्यतो तळाशी सरकवा. शुक्रवारी शिष्टमंडळ पुन्हा जाणार आहे आणि पटावरच्या नावांची यादी मागायला ती आज आपल्याकडे येते आहे. यादीत मी असावा. हे पत्रही तीच आणते आहे, म्हणून पाकीट डिंकाने चिकटवले आहे.

(खाली, वेगळ्या अक्षरात)

ता. क. दुसरा – मामा, चौथ्या तत्त्वाप्रमाणे पाकीट उघडले. अर्ज दाबू नका, नाहीतर तुमचे नाव फलकावर लिहावे लागेल. त्याला येऊन रीतसर परत मागू दे, रांगेत उभा राहून. शुक्रवारी एक खुर्ची रिकामी आहे, गप्प बसणार असेल तर. आणि पिशवी उचलणारा माझा सख्खा थोरला भाऊ आहे. हे तुमच्या भाच्याला एवढ्यात सांगू नका, शुक्रवारपर्यंत जरा धाकात राहील. – कार्यवाह