पायलने माझी केलेली टिंगल

प्रिय स्वप्ना,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. ताई, सॉरी गं, पोरीला अक्कल नाही, एवढं म्हणतेस आणि रडायला लागतेस. म्हणून कागदावर लिहितेय. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

पायलने माझ्यावरची ती कविता शाळेच्या ग्रुपऐवजी आपल्या घरच्या ग्रुपवर टाकली, त्यात तिचा काय दोष? आपल्याकडे ग्रुपच इतके झालेत. तू घाईघाईने ती पुसायला लावलीस, पण तोवर मी वाचली होती आणि कोपरीच्या पोपटमामांचं पोटभर हसूनही झालं होतं. आता म्हणे तिला प्लास्टिकच्या पिशव्यांवर नवी कविता लिहायला बसवलंयस. अगं, पिशव्यांवर काय डोंबलाचा उपहास करणार ती?

इंग्रजीत उपहासाची कविता लिहून आणायची, हा तिचा गृहपाठ. समजावला मीच. रविवारी टिटवाळ्याहून नौपाड्याला येते ना ती माझ्याकडे व्याकरण घोटायला, तेव्हा म्हटलं होतं, ज्याची टिंगल करायची त्याच्याकडे आधी नीट बघ. ती माझ्याचकडे बघत बसेल हे कुठे ठाऊक होतं. आणि काय बघितलंय गं कार्टीने! लग्नपत्रिका हातात आली की मी नवरानवरीच्या आधी स्पेलिंगं बघते. हॉटेलात मेनूकार्ड सुधारून देते, तोवर इडली गार होते. लिफ्टमधल्या सूचनेवरही माझं लाल पेन चालतं. सगळं खरं आहे. आणि तिचं इंग्रजी तर असं, की चुका काढायला बसले आणि नुसती वाचतच राहिले. सगळी नोकरी शिकवण्यात गेली माझी, पण अशी ओळ कुणा मुलाने लिहून दाखवली नव्हती. थक्क झाले मी, स्वप्ना.

तुला टोचलंय ते शेवटचं कडवं. कळतंय मला. तुझे दाजी गेले तेव्हा सोसायटीच्या फळ्यावर लागलेली इंग्रजी श्रद्धांजलीसुद्धा मी उभ्या उभ्या सुधारली होती. बायका कुजबुजल्या, बाई दगडाची आहे. तू हात धरून मला आत नेलंस. पायल तिथेच दाराशी आल्यागेल्यांच्या चपला लावत होती. त्याच प्रसंगावर तिने लिहिलंय, की त्या बाईला नवऱ्यासाठी करण्यासारखं एवढं एकच काम उरलं होतं, आणि ते तिने नीट केलं.

हे मी कुणाला बोलले नव्हते गं. मलाच धड कळलं नव्हतं. हे गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते कडवं वाचलं आणि आलं, मग थांबेचना. तेव्हा तिला माफी मागायला पाठवू नकोस. शाळेत हीच कविता दे म्हणावं, शेवटच्या कडव्यासकट. आणि या रविवारी तूही ये तिच्याबरोबर. मला ह्यांच्याबद्दल बोलायचंय.

तुझीच,
ताई