दादाच्या गिटारचा लाल डोळा

३ तारीख, सकाळी ९
वहिनींचा फोन. सोळाला दादाला जाऊन वर्ष होईल. त्या संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्याचे मित्र जमणार. वहिनी म्हणाल्या, भावोजी, ह्यांनी बांधलेली ती चाल ह्यांच्याच गिटारवर तुम्ही वाजवा. नीट झालं तर गिटार तुमच्याकडे राहू दे. नाहीतर शाळेच्या संगीताच्या बाईंना देते, वाजत तरी राहील. विचार करून सांगतो म्हणालो. चार सेकंद विचार केला.

४ तारीख, संध्याकाळी
गिटार आणली. जेवणाच्या टेबलावर माझा साउंड मिक्सर मांडला, शेजारी स्पीकर. दादाच्या कार्यक्रमांत आवाजाची बाजू कायम माझ्याकडे असे. मी वायर जोडल्याशिवाय त्याचं पान हलत नसे. शेवटची दोन वर्षं त्याने बोलावलं नाही, ते माझा वेळ वाया जाऊ नये म्हणून.
वायरचं एक टोक गिटारला, दुसरं मिक्सरला. गेन, म्हणजे आवाज वाढवायचं बटण, अर्ध्यावर. तार छेडली. आवाज आला, खोल आणि स्वच्छ, थेट त्याचा. डोळे पुसले. पंखा फार जोरात होता.
संकल्प : रोज दोन तास सराव. वायर लावलेलीच राहू दे. रोज काढघाल करण्यात उत्साह जातो.

५ तारीख
सराव नाही. मिक्सरची धूळ पुसली. तोही सरावच. जेवायचं कुठे, असं हिने विचारलं. कलेची कदर नाही. ताट मांडीवर घेऊन जेवलो.

७ तारीख, दुपारी ३
घरात मी एकटा. गिटार स्टँडवर, मी खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. आणि गिटारची जाड तार आपोआप वाजू लागली. आधी हळू, मग वाढत वाढत खोली भरून. उठून तारेवर हात ठेवला. थांबली. हात काढला. पुन्हा सुरू.
हॉलच्या साउंडवाल्याला फोन केला. दादाला ओळखणारा माणूस. म्हणाला, काका, स्पीकरचं तोंड गिटारकडे असणार, दुसरीकडे फिरवा. फिरवलं. थांबली.
विज्ञान मला मान्य आहे. पण तीच तार का? दादा त्याच तारेवर सुरुवात करायचा.

९ तारीख
गिटारच्या कडेला, बटणांशेजारी, मोहरीएवढा लाल दिवा लुकलुकतोय. परवापर्यंत नव्हता. कुठेही बसलो तरी माझ्याकडेच बघतो. दादा असाच बघायचा, न बोलता. काळी चिकटपट्टी लावली. आता बरं वाटतंय.

११ तारीख
गिटारचा आवाज बारीक झालाय. मध्येच फाटतो, घोगरा होतो. शेवटच्या महिन्यात दादाचा असाच झाला होता, असं वहिनी सांगत होत्या. गेन वाढवला. घोगरेपणा वाढला. साउंडवाल्याला विचारावं का? नको. इतक्या वर्षांचा अनुभव काय वाया जातो?

१२ तारीख, सकाळी
दाढी करताना दादाचा आवाज. स्पष्ट, पाठीमागून. धाकट्या, वायर काढ. ब्लेड लागलं.
हे त्याचं नेहमीचं वाक्य. प्रत्येक कार्यक्रम संपला की हेच. म्हणजे तुझं काम झालं, आता नीघ. मेल्यावरही मला हाकलतोय. मोठ्याने म्हणालो, नाही काढणार! कुणाशी बोलताय, असं हिने बाहेरून विचारलं. ब्लेडशी, म्हणालो.

१३ तारीख
झोप नाही. मनात येतं ते एकदा लिहून टाकतो. तीन वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात, दुसऱ्याच गाण्याला गिटार मुकी झाली. दोष मिक्सरचा होता. दादा चकार शब्द बोलला नाही. माईक पुढे ओढला आणि वाजवत राहिला. त्या न बोलण्याचाच मला राग आला. मीही पुन्हा त्याच्या घरी गेलो नाही.
हॉस्पिटलमध्ये मात्र गेलो होतो. तो झोपला होता. दहा मिनिटं बसलो. जागा होईपर्यंत थांबायला हवं होतं. पण गाडी चुकीच्या जागी लावली होती.

१५ तारीख
रंगीत तालीम. उत्तम. हीसुद्धा छान म्हणाली. कुकरच्या शिट्ट्यांमधूनही तिला कळलं, म्हणजे बघा. उद्या गिटार हातातच नेणार. बॅग घरी. बॅगेत कलावंत शोभत नाही.

१७ तारीख, सकाळी
काल लिहिणं झालं नाही.
चाळीस खुर्च्या, चाळीस माणसं. वायर जोडली, गंभीर चेहरा केला, तार छेडली. स्पीकरमधून काही नाही. गेन पूर्ण वर. नुसती फुसफुस. दोष मिक्सरचा आहे, असं मी जाहीर केलं. साउंडवाला म्हणाला, हॉलचा मिक्सर आहे काका, काल यावर अख्खं नाटक झालं.
त्याने चिकटपट्टी सोलली. दिवा विझला होता. म्हणाला, आतली बॅटरी संपलीय. गिटारला वायर असेपर्यंत ती खर्च होत राहते. संपत आली की हा लाल दिवा सांगतो. वायर लावूनच ठेवली होती का? मी नाही म्हणालो. पहिल्या रांगेतून ही हो म्हणाली.
त्याने बॅटरीचा कप्पा उघडला. बॅटरीखाली घडी घातलेली चिठ्ठी. दादाचं अक्षर. ‘धाकट्या, वायर काढून ठेव. जादा बॅटरी बॅगेच्या खिशात.’
बॅग घरी.
वहिनी उठून जवळ आल्या. म्हणाल्या, त्या कार्यक्रमानंतर लगेच लिहून ठेवली होती ह्यांनी. पुढच्या वेळी धाकटा येईल तेव्हा लागेल, म्हणायचे. दरवर्षी नवी बॅटरी आणून खिशात टाकायचे. तोवर माईक पुढे घेऊन वाजवायचे. वायर जोडायला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.
आणि मी म्हणत होतो, त्याने बोलावलं नाही.
साउंडवाला माईक आणतो म्हणाला. त्याआधीच वहिनींनी आपली खुर्ची उचलून माझ्या गुडघ्यापाशी आणली. मग बाकीच्यांनीही खुर्च्या ओढल्या. वायरशिवायच वाजवलं. दोनदा चुकलो. एकदा डोळ्यांत पाणी आल्यामुळे, एकदा सराव नसल्यामुळे. मागच्यांना काही ऐकू गेलं नसेल. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या.
तीन वर्षांपूर्वीही दोष मिक्सरचा नव्हता. कार्यक्रमाआधी आठवडाभर गिटार माझ्याकडे होती, वायर लावूनच ठेवली होती, तेव्हाही.

१७ तारीख, संध्याकाळी
खिशातली बॅटरी घातली. तासभर वाजवली. पुन्हा तोच आवाज. दादाशी थोडं बोललो. मग आठवणीने वायर काढली. बघ दादा, काढली. गिटार बॅगेत भरली. चेन लागेना, जोर लावला. उद्या वहिनींकडे.

१८ तारीख
नीट झालं नाही, शाळेलाच द्या, असं वहिनींना मीच सांगितलं. बरं म्हणाल्या. बॅग उघडली आणि तशाच बघत राहिल्या. वायर गिटारला तशीच लावलेली होती. मी मिक्सरकडचं टोक काढलं होतं.
वहिनींनी वायर ओढून काढली, नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. काही बोलल्या नाहीत. दादासारख्याच.
वायर घरी आणून टेबलावर ठेवली आहे. जोडायला काही नाही.