डोळा मिटलेला लेअर

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फोनच केला असता, पण दुपारभर ताई माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलेली असते, म्हणून हा कागद. लायब्ररीतून रिटायर झाल्यापासून तुझी आई माझ्या दुकानाची देखरेख करते. पासपोर्टच्या फोटोत हसू नका म्हणून गिऱ्हाइकांना दटावते.

आता मुद्द्याचं. तुमच्या कंपनीने फोटोच्या सॉफ्टवेअरचं जे काय नवं रूप काढलं आहे, त्याने माझ्या नाकी नऊ आणले आहेत. इतकी वर्षं ज्या जागी कात्री होती तिथे आता ब्रश आहे, आणि ब्रशच्या जागी काय आहे ते तुलाच ठाऊक. तेही चालवून घेतलं, हात शिकेल. पण ती उजवीकडची पट्टी काढ. पूर्वी डोळ्याची खूण मिटवली की लेअर, म्हणजे चित्राचा तेवढा थर, झाकला जायचा आणि झाकलेलाच राहायचा. आता फाइल उघडली की सगळे झाकलेले लेअर छोट्या चित्रांत ओळीने उभे. माउस नुसता वरून गेला तरी झाकलेलं चित्र फोटोवर पुसट उमटतं. परवा मी दचकून खुर्ची मागे ढकलली.

ताईला तुमच्या घरचा जुना फोटो हॉलसाठी मोठा करून हवा आहे. प्रिंटर बिघडलाय असं मी तिला तीन आठवडे सांगतो आहे. तुझ्या हातात असेल तर जुनं होतं तसं कर. कारण विचारू नकोस.

माया आहे, ती आटू देऊ नकोस.
तुझा मामा

९ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न.

पत्र पोचलं. ‘कारण विचारू नकोस’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

ती पट्टी मीच केली आहे, मामा, आणि चांगली केली आहे. नवी माणसं चुकून डोळा मिटवतात आणि चित्र गेलं म्हणून रडतात. आठवड्याला अशा शेकडो तक्रारी येतात. तुझ्यासारख्या जुन्या माणसांनीही कुरकुर केली आहे. पण आमच्या मॅनेजरबाई म्हणतात, चार दिवस त्रागा करतील, मग अंगवळणी पडेल. वीस तारखेच्या बैठकीत शेवटचं ठरेल. एका मामासाठी मी तिथे कुठल्या तोंडाने बोलू?

तरी तुझी समजूत म्हणून जुन्या फायली नव्या पट्टीत कशा दिसतात ते तपासते. मी घर सोडताना तू पेनड्राइव्हवर दिलेला घरचा फोटो माझ्याकडे आहेच, त्याच्यावरच करून बघते. तू आधी तो प्रिंटर दुरुस्त करून घे, आई तुझं डोकं खात असेल.

आठवण ठेवतोस तशीच ठेव.
तुझी भिंगरी

१२ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न.

उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. फोन केला तर शेजारी आई असेल.

काल सकाळी ऑफिसात तो फोटो उघडला. आई, बाबा, आईच्या मांडीवर मी. त्यात माझा एक मोजा चुरगळलेला आहे. तुला साधा मोजा नीट घालता आला नाही, असं मी आईला चिडवायचे आणि ती उठून आत जायची.

पट्टीवरून माउस गेला आणि आईच्या गुडघ्याशी एक मुलगी उभी राहिली. चारेक वर्षांची. तिने माझं पाऊल धरलं आहे, मोजा तिच्या मुठीत आहे. माउस हलवला की जाते, परत नेला की येते. दुपारपर्यंत मी तेच करत बसले. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं काय बिघडलं, मी काही नाही म्हटलं.

तिच्या कपाळावर माझ्यासारखाच केसांचा भोवरा आहे. मला भीती वाटते आहे, मामा. कोण आहे ती? आईला विचारू का?

लवकर लिही, एवढंच मागते.
भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ताईला विचारू नकोस, हात जोडतो.

ती तुझी थोरली बहीण. तू आठ महिन्यांची असताना तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलातच गेली. साडेचार वर्षांची होती. ताईने अंथरूण धरलं. चार महिन्यांनी एका सकाळी घरातले सगळे फोटो पिशवीत घालून ती दुकानात आली आणि म्हणाली की हिला सगळ्यांतून पुसून टाक, मला हॉलमधून जाता येत नाही. अकरा फोटो होते. नवे छापून दिल्यावर जुने तिने माझ्यासमोर फाडले, निगेटिव्हसुद्धा कापल्या. त्या दिवसापासून घरात तो विषय बंद. तुझ्या बाबांनीही जाईपर्यंत काढला नाही.

मी मात्र पुसलं नाही. तिला कापून वेगळ्या लेअरवर ठेवली, डोळा मिटवला आणि ताईला सांगितलं, पुसलं. सत्तावीस वर्षं प्रत्येक नव्या मशीनवर मी आधी त्या अकरा फायली उतरवतो. तिच्या वाढदिवसाला दुकानाचं शटर अर्धं ओढून तिला बघतो आणि परत झाकतो. मी बोलावल्याशिवाय ती कधी येत नव्हती. आता परक्या माणसाच्या फोटोवरही माउस जपून फिरवतो. तुला दिलेल्या फाइलमध्ये ती आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही; झाकलं म्हणजे नाहीच, अशी सवय झाली आहे.

ताईने तिला अशी अचानक समोर पाहिली तर ती पुन्हा अंथरूण धरेल, आणि माझं तोंड बघणार नाही. बैठकीत बोल, भिंगरे.

रागावलीस तरी तोडू नकोस.
मामा

२१ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न.

बोलले. मी म्हटलं की काही डोळे चुकून मिटतात, काही मुद्दाम मिटवलेले असतात, आणि कुठला कसा हे आपण परस्पर ठरवू नये. मॅनेजरबाईंनी विचारलं, असं किती जणांना हवं आहे. मी म्हटलं, एक तरी आहे. तेव्हा त्यांनी जुन्या माणसांच्या तक्रारी पुन्हा काढल्या. ठरलं ते असं: नव्या फायलींत पट्टी राहील, जुन्यांत बंद, ज्याला हवी त्याने उघडावी. सोमवारी हा बदल तुझ्याकडे येईल. तोवर तो फोटो उघडू नकोस.

हे आईसाठी केलं, तुझ्यासाठी नाही. तुझ्यावर मी रागावले आहे. एकुलती एक म्हणून मी लाड करून घेतले, जन्मभर एकटी खेळले, आणि तुझ्या मशीनमध्ये माझी बहीण होती. आता मोजे घालायला बसले की कुणीतरी पाऊल धरल्यासारखं वाटतं. उरलेले दहा फोटोही पाठव.

राग गेला की पुन्हा लिहीन.
भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मामाला तुला लिहायचा धीर होत नाही, म्हणून मी लिहिते.

गेल्या मंगळवारी त्याचा प्रिंटर एकदम बरा झाला. आपणहून त्याने घरचा फोटो उघडला. मी फोटोतल्या माझ्या गुडघ्याशी बघत राहिले. रोज दुपारी मी दुकानात का येऊन बसते, असं त्याला वाटत होतं कोण जाणे. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि दोन वर्षं जीभ उचलत नव्हती, कारण तो नाही म्हणाला की संपलंच. त्या दिवशी विचारलं, की खरंच सगळं पुसलंस का रे, कुठे काही उरलं नाही का. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, तू सांगितलंस तसं पुसलं. मी बरं म्हटलं आणि घरी आले. दोन दिवस पडून होते.

गुरुवारी सकाळी तो दारात उभा. साठीचा माणूस, मुलासारखा रडत होता. त्याने सगळं सांगितलं, तुझी बैठकसुद्धा.

तुम्ही दोघांनी माझ्यासाठीच केलंत, कळतं मला. पण बाळा, मी ते एकदा बोलले होते, मूल जाऊन चार महिने झाले असताना. त्यानंतर मला पुन्हा कुणी विचारलं नाही, आता तरी ती बघायची आहे का म्हणून. आणि मीच सांगून बसले होते, मला मागे फिरता येईना. तुझ्या पट्टीने ती न विचारता समोर आणली असती तर मी कोसळले असते की नाही, सांगता येत नाही. पण दोन वर्षं मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसत होते.

काल मामाने ती मला दाखवली. तिचा फ्रॉक मला पिवळा आठवत होता, तो निळा आहे. चेहराही मी चुकवला होता. इतकी वर्षं मनात जी धरून होते ती तू होतीस, तुझ्याच लहानपणची. पडद्यावरच्या मुलीकडे बघून मी मामाला विचारलं, हीच का ती.

रजा काढून ये. मला ती पुन्हा ओळखीची करून घ्यायची आहे, आणि एकटीने ते होत नाही.

वाट बघते.
तुम्हा दोघींची,
आई