अर्धं सुकेळं

प्रिय प्रिस्का,

फोन केला की तू सगळं हसण्यावारी नेतेस, म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही, आणि तुझ्या सुनेला, ॲनीला, मी बजावलंय की शेवटची ओळ वाचून होईपर्यंत सासूला उठू द्यायचं नाही.

परवा बाजारात सुकेळी दिसली, आपल्याकडची उन्हात सुकवलेली केळी. केळीच्या वाळक्या पानात बांधलेली, अगदी मधाच्या रंगाची. भाव ऐकून बाईला दोन शब्द सुनावले आणि तरीही घेतली. चंदनसारच्या या फ्लॅटमध्ये एकटीच खायला बसले, तर आपला कॉन्व्हेंटचा बाक आठवला. तू घरच्या वाडीतलं सुकेळं आणायचीस, दाताने त्याचे दोन तुकडे करायचीस आणि मोठा माझ्याकडे सरकवायचीस. पावसात छत्री एकच, दोघींचा एकेक खांदा भिजलेला. वर्गात बोललीस म्हणून सिस्टरनी तुला पट्टी मारली, तेव्हा गप्पा दोघींच्या होत्या असं सांगून मीही हात पुढे केला. सिस्टरनी मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. पुढे नोकऱ्या, लग्नं, मुलं. तू सासरच्या नंदाखाल गावची झालीस, मी आगाशीची वाडी सोडून इथे आले. वाटून घ्यायची खोड मात्र तुझी गेली नाही.

म्हणूनच मागच्या महिन्यात मला खोकला झाला, तर तू ॲनीच्या हाती डबा धाडलास. वर मैद्याचे तळलेले गोड फुगे, खाली अँटिबायोटिकची अर्धी पट्टी. तुझं दुखणं थांबलं, म्हणून उरलेल्या गोळ्या मी घ्यायच्या. लघवीच्या संसर्गासाठी तुला दिलेल्या गोळ्या, माझ्या खोकल्याला! एवढं शिकून हे? मी पट्टी घेऊन तडक आमच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, खोकला सर्दीचा आहे, त्याला या गोळ्यांचा काही उपयोग नाही. आणि दुसऱ्याचं औषध घेऊन अंगावर उठलं, घसा सुजला, म्हणजे जिवावर बेतायचं. मग त्यांनी पट्टी उलटून पाहिली.

"ज्यांनी या दिल्या, त्यांचा कोर्स पुरा झाला का?"

तिथूनच तुला फोन लावला. उचलला ॲनीने. तू थंडीतापाने कुडकुडत होतीस. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. हॉस्पिटलात तुझ्या पलंगाशी बसून मी तुला एवढी बोलले, कारण रडले असते तर तू जन्मभर चिडवलं असतंस.

आता घरी आली आहेस. पहिल्या गोळ्यांना जंतू दाद देईनात, म्हणून डॉक्टरांनी औषध बदललंय. आणि काल ॲनी सांगते, ताप उतरला तशी तू पुन्हा गोळ्या बाजूला ठेवायला लागलीस. का, तर म्हणे जिजाला, म्हणजे मला, पुन्हा खोकला झाला तर असाव्यात. प्रिस्का, सुकेळं, छत्री, पट्टीचा मार, सगळ्यात मी वाटा घेतला. यात मला वाटा नको. डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या गोळ्या, सांगितलेल्या वेळी, तू एकटीने घ्यायच्या. त्रास झाला तर त्यांना विचार, पण मनाने बंद करू नकोस. हे औषधही चाललं नाही तर पुढे काय, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

सोबत सुकेळं पाठवते आहे, अर्धंच. मोठा तुकडा या वेळी तुझा. माझा मी ठेवलाय; तुझा कोर्स संपला की तिथे येऊन, तुझ्या शेजारी बसून खाईन.

अजून रागावलेली, तुझीच,
जिजा