मार्तंडाचं प्रस्थान

नगर,
२७ डिसेंबर १९७२

चि. मार्तंडास अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत थोडी चीड.

आमच्या सोसायटीत तुझ्यासाठी कारकुनाची जागा मिळवली आहे. साहेबांपुढे किती वाकलो ते माझी पाठ जाणते. दहा जानेवारीला हजर व्हायचं आहे. गेल्या खेपेला विचार करून कळवतो असं लिहून तू दोन महिने गप्प बसलास. विचार करण्यासारखं तुझ्याकडे आहे काय? या दुष्काळात शेवगावकडे ना लग्न, ना मुंज, ना वास्तुशांत. वडिलांमागे तू गावचं जोशीपण धरलंस, आता ते तुलाच धरून बसलं आहे. तिशी आली. तुझी वहिनी म्हणते, भावजींसाठी स्थळ बघायला गेलं की लोक आधी विचारतात, मुलगा करतो काय? तिने काय सांगावं ते तूच कळव.

लोभ आहेच, पण तो गृहीत धरू नये.

तुझा दादा,
विष्णू

शेवगाव,
२ जानेवारी १९७३

ती. स्व. दादांस, मार्तंडाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पावलं. मी येतो. पौष लागतो आहे, म्हणून मार्गशीर्षातच चांगली वेळ साधून प्रस्थान ठेवलं. धोतरात तांदूळ आणि सुपारी बांधून ते गाठोडं शेजारी बनुबाईच्या घरी ठेवून आलो. म्हणजे शास्त्राने मी घर सोडलंच आहे, देह तेवढा मागून येईल.

तुम्ही हसाल, पण आधी ऐका. मला झोप लागत नाही. लोक येतात आणि पाऊस कधी म्हणून विचारतात. मी पंचांगावर बोट फिरवतो आणि पोटात गोळा येतो. नगरचं टेबल डोळ्यांपुढे आणलं तरी तोच गोळा. आपल्याला नक्की काय जमतं हेच मला कळेनासं झालं आहे. आणि टोमणे मारायचेच असतील तर हेही आठवा, की जोशीपण मी धरलं नाही. तुम्ही नगरला पळालात म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

वहिनींना सांगावं, मुलगा घाबरतो, सध्या तेवढंच करतो.

लोभ उरला असेल तर राहू द्यावा.

मार्तंड

नगर,
१५ जानेवारी १९७३

चि. मार्तंडास आशीर्वाद. रीत आहे म्हणून दिले आहेत.

दहा तारीख गेली. साहेबांनी दोनदा विचारलं, बंधू कुठे आहेत? काय सांगू त्यांना, की धोतर निघालं आहे आणि माणूस अजून निघायचा आहे? शेवटी तुला ताप आल्याचं सांगून वेळ मारून नेली.

मी पळालो म्हणतोस? अठराव्या वर्षी इथे आलो तेव्हा माझ्याही पोटात गोळा येत होता. तो पोटात घेऊनच कामावर जात होतो. गावभर दाखवत हिंडलो नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! महिनाअखेरपर्यंत जागा ठेवली आहे. गाठोडं उचल आणि मुकाट्याने एस.टी.त बस.

लोभाचं नंतर बघू.

विष्णू

खडीचं काम, पाथर्डी रस्ता,
२६ जानेवारी १९७३

ती. स्व. दादांस नमस्कार. शिरसाष्टांग घालायला इथे जागा नाही, सगळीकडे खडी आहे.

तुमचं पत्र आलं आणि गाठोडं घ्यायला गेलो, तर बनुबाईच्या घराला कुलूप. सगळं घर दुष्काळी कामावर गेलेलं. प्रस्थान परत घरात आणता येत नाही आणि मागे टाकून पुढेही जाता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून विचारत विचारत इथवर आलो. गाठोडं तिच्या पालाच्या काठीला नीट बांधलेलं होतं. बनुबाई म्हणाली, की जोशीबुवाचं परस्थान रिकाम्या घरात कसं टाकावं, पाप लागंल, म्हून संगं आनलं. आता आलाच हाय तर बसा, हातोडी बी रिकामीच हाय.

तिचा नवरा आजारी पडला होता. त्याच्या जागी एका दिवसापुरता बसलो, त्याला आता आठवडा होईल. हात सोलले आहेत. पहिल्या दिवशी बायका मला हसत होत्या, आता त्यांनी तेही सोडलं. संध्याकाळी भाकरी खाऊन आडवा झालो की एकदम सकाळच होते. पोटातला गोळा शोधला, सापडला नाही.

नगरची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. तुम्ही रागवाल हे ठाऊक आहे. लोभाचं तुम्हीच ठरवा.

मार्तंड

नगर,
२ फेब्रुवारी १९७३

मार्तंड,

आशीर्वाद लिहिले नाहीत, ते विसरून नव्हे.

तुझं पत्र पोचायच्या आधीच आपल्याकडचा एक माणूस ऑफिसात आला आणि साहेबांदेखत म्हणाला, की तुमचा भाऊ पाथर्डी रस्त्यावर खडी फोडतोय. साहेब एवढंच म्हणाले, ताप उतरला वाटतं. माझी मान खाली गेली ती अजून वर झालेली नाही. जागा दुसऱ्याला गेली.

आता पुढे? पाऊस पडला की ते काम बंद. बनुबाईला शेत आहे, ती शेतावर जाईल. तू कुठे जाशील? ना जोशी, ना कारकून, ना धड मजूर. पाऊस पडल्यावर तू काय करणार, याचं उत्तर दे. उत्तर नसेल तर पत्र लिहू नकोस आणि मला तोंडही दाखवू नकोस.

वहिनी रडते आहे. तिचा लोभ आहे, माझा नाही.

विष्णू

खडीचं काम, पाथर्डी रस्ता,
११ फेब्रुवारी १९७३

दादांस नमस्कार.

उत्तर नाही, तरी लिहितो आहे.

परवा भाकरी खाताना बायकांनी मला घेरलं, की जोशीबुवा, पाऊस कवा? पंचांग घरी राहिलेलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या तोंडून हे शब्द कुणी ऐकले नसतील. वाटलं, गेली अब्रू. बनुबाई पदराला हात पुसत म्हणाली, की मंग उठा, ढीग अर्धाच हाय. कुणी रागावलं नाही. सगळ्या आपापल्या जागी जाऊन बसल्या.

तुमच्या प्रश्नालाही माझं तेच उत्तर. पाऊस पडल्यावर काय करीन, मला माहीत नाही. जोशीपण पुन्हा करणार नाही आणि नगरला येणार नाही, एवढंच ठरलं आहे. तुमची मान खाली गेली याचं वाईट वाटतं. ती वर करायला म्हणून मात्र मी टेबलाशी बसणार नाही.

तोंड दाखवू नको म्हणालात, तेही कबूल. पण तुम्हीच कधी पाथर्डीच्या एस.टी.त बसलात तर माझा इलाज नाही. आम्ही रस्त्याच्या कडेलाच बसतो.

वहिनींच्या लोभावर भागवतो आहे.

मार्तंड